ध्वनिक्षेपक लहान घ्यावा कीं मोठा?

घरीं बसून चांगलें संगीत ऐकण्याची हौस असलेल्या माणसापुढें आज ना उद्यां एक प्रश्न उभा राहतो. ॲम्प्लिफायर ठरलेला असतो, ध्वनिमुद्रिकांचा किंवा त्यांच्या जागीं आलेल्या नव्या साधनांचा संग्रह जमलेला असतो, दिवाणखान्यांतील एक भिंत मोकळी करून झालेली असते. राहिलेली असते ती ध्वनिक्षेपकांची, म्हणजे आपण सर्वजण ज्यांना स्पीकर म्हणतों त्यांची जोडी. दुकानांत एकाच कारखान्याच्या आणि एकाच घडणीच्या दोन जोड्या शेजारीं शेजारीं मांडलेल्या दिसतात. एक लहान, तिवईवर किंवा पुस्तकांच्या फळीवर मावणारी. दुसरी तिच्या दुप्पट-तिप्पट आकाराची. किंमतींत फरक असतो, पण तो हाताबाहेरचा नसतो. मग मन म्हणूं लागतें, "एवढा खर्च करतोंच आहों, तर थोडक्यासाठीं लहान कशाला घ्यावयाचा?" पुष्कळांचा निर्णय या एका वाक्यापाशींच होऊन जातो. तो निर्णय नेहमींच चुकतो असें माझें म्हणणें नाहीं. परंतु तो ज्या कारणासाठीं घेतला जातो, तें कारण मात्र बहुधा खरें नसतें.

श्रोतेहो, हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. दिवाणखाना एकट्याचा नसतो. त्यांत मुलांचा अभ्यास चालतो, पाहुणे बसतात, वडील माणसें दुपारीं पडून असतात. अशा खोलींत न शोभणारी मोठी पेटी येऊन बसली आणि डग्ग्याचा प्रत्येक ठोका पिंपांत घुमल्यासारखा ऐकूं येऊं लागला, म्हणजे पहिल्या आठवड्यांत "आवाज जरा कमी करा" असें घरांतून सुरू होतें; कांहीं महिन्यांनीं ऐकणेंच कमी होतें, आणि वर्षअखेर त्या पेटीवर फुलदाणी येते. उलट, मोठ्या प्रशस्त खोलींत चिमुकली जोडी मांडली, तर भरदार गळ्याचा गवई कोठें तरी दूर, भिंतीपलीकडे गात असल्याचा भास होतो, आणि ऐकणाऱ्याचें मन भरत नाहीं. दोन्ही वेळां पैसा तर जातोच, पण घरांतील चार माणसांनीं एकत्र बसून ऐकण्याचा जो आनंद, तोहि जातो. म्हणून हा निर्णय थोडा समजून घेऊन करावा, एवढ्यासाठींच आजचा हा विषय.

ज्यांचें आयुष्यच आवाजाची पारख करण्यांत जातें, अशा मंडळींनीं हा प्रश्न कसा सोडविला तें प्रथम पाहूं. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, म्हणजे बी. बी. सी., या संस्थेनें आपल्या वापरासाठीं स्वतःच्याच अभियंत्यांकडून अनेक ध्वनिक्षेपकांची रचना करून घेतली, आणि पुढें परवाना देऊन ते खासगी कारखान्यांकडून बनवून घेतले. त्यांपैकीं दोन आपल्या कामाचे आहेत. पहिला 'एल. एस. ३/५ ए', हा १९७० नंतरच्या दशकांतला. त्याची पेटी सुमारें १२ इंच उंच आणि ७॥ इंच रुंद. त्यांतील खर्जाचा पडदा नांवापुरता ५ इंची. दुसरा 'एल. एस. ५/९', हा १९८३ सालचा. त्याची पेटी सुमारें १८ इंच उंच व ११ इंच रुंद. खर्जाचा पडदा ८ इंची. नांवांतील ३ हा आंकडा स्टुडिओबाहेरून होणाऱ्या प्रक्षेपणाचा, आणि ५ हा आंकडा स्टुडिओचा.

आतां बी. बी. सी. जवळ मोठे व उत्तम ध्वनिक्षेपक असतांना तिनें हा चिमुकला ध्वनिक्षेपक मुद्दाम कां करवून घेतला? कारण साधें आहे. बाहेरगांवचा कार्यक्रम प्रक्षेपित करावयाचा, तर अभियंत्याला एका मोटार-व्हॅनमध्यें बसून आवाजाची पारख करावी लागे. व्हॅनमध्यें जागा अत्यंत थोडी. मोठी पेटी तेथें मावत नाहीं, आणि मावली तरी तिच्यापासून पुरेसें दूर बसतां येत नाहीं. तेव्हां त्या अभियंत्यांनीं खोल खर्जाचा मोह सोडला, आणि माणसाचा आवाज माणसासारखाच ऐकूं यावा यावर सारा भर दिला. स्टुडिओच्या खोलीसाठीं मात्र त्यांनीं मोठाच ध्वनिक्षेपक ठेवला. तात्पर्य, त्यांनीं आधीं खोली पाहिली आणि मग आकार ठरविला. आपण बहुधा याच्या उलट करतों.

आकारानें नक्की काय बदलतें? ध्वनिक्षेपकाचें काम म्हणजे हवा हलविणें. आंतील शंकूच्या आकाराचा पडदा पुढें-मागें होतो आणि हवेंत लाटा उठवितो. ही रचना चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केली, आणि आजचे बहुतेक ध्वनिक्षेपक मूळांत त्याच तत्त्वावर चालतात. तार सप्तकांतील स्वर काढण्यास थोडी हवा हलविली तरी पुरते. खर्जाला मात्र पुष्कळ हवा हलवावी लागते. स्वर एक सप्तक खालीं आणावयाचा आणि तरीहि तितक्याच जोरानें ऐकवावयाचा, तर पडद्याला चौपट अंतर पुढें-मागें जावें लागतें. लहान विंझण्यानें मोठ्या पंख्याइतका वारा घालावयाचा तर हात किती वेगानें हलवावा लागेल, याची कल्पना केली म्हणजे लहान पडद्याची अडचण ध्यानांत येते. ८ इंची पडद्याचें क्षेत्रफळ ५ इंची पडद्याच्या दुपटीहून अधिक भरतें. म्हणून तोच खर्ज तो थोड्या हालचालींत, आणि म्हणूनच अधिक शांतपणें व शुद्धपणें काढूं शकतो.

के. एल. एच. या अमेरिकन कारखान्याच्या संस्थापकांपैकीं एक, जे. अँटन हॉफमन, यांच्या नांवानें या धंद्यांत एक नियम प्रसिद्ध आहे. लहान पेटी, खोल खर्ज, आणि थोड्या विजेंत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहींत. कोणत्याहि दोन घ्याव्या आणि तिसरीवर पाणी सोडावें. वर सांगितलेल्या दोन नमुन्यांवरून हें स्पष्ट दिसतें. लहान ध्वनिक्षेपक दर सेकंदास सुमारें ८० कंपनांपर्यंत नीट उतरतो. मोठा सुमारें ५० पर्यंत. एक वॅट वीज देऊन एक मीटरवर मोजलें, तर लहानाचा आवाज सुमारें ८३ डेसिबल आणि मोठ्याचा सुमारें ८७ डेसिबल भरतो. हा चार डेसिबलांचा फरक दिसण्यांत थोडा, पण तो भरून काढण्यास लहानाला जवळजवळ अडीचपट वीज द्यावी लागते.

येथपर्यंत ऐकून आपण म्हणाल, "मग तर मोठाच चांगला!" कागदावर तो चांगला खराच. परंतु हा जास्तीचा खर्ज आपल्या कोणत्या कामीं येतो, आणि आपल्या खोलींत त्याचें काय होतें, हे दोन प्रश्न अजून शिल्लक आहेत.

पहिला प्रश्न आपण काय ऐकतों याचा. पुरुष गवई बहुधा काळी एकच्या आसपास षड्ज धरतात. काळी एकच्या षड्जाचीं कंपनें दर सेकंदास सुमारें १३९. गवई मंद्र पंचमापर्यंत उतरला, तरी आंकडा १०४ च्या खालीं जात नाहीं. स्त्रीचा षड्ज काळी चारचा धरला, तर तो २०८ च्या आसपास येतो. डग्ग्याचा घुमारा साधारण शंभराच्या आसपास असतो. सर्वांत खालीं असते ती पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार; काळी एकच्या तंबोऱ्यांत तिचीं मूळ कंपनें सुमारें ६९. पण तंबोऱ्याची सारी श्रीमंती मूळ कंपनांत नसून वर उमटणाऱ्या स्वयंभू स्वरांत असते; आणि मूळ कंपन क्षीण असलें तरी वरच्या स्वरांवरून कान तो खर्ज आपोआप ओळखून घेतो. म्हणजे ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, भावगीत आणि अभंग यांचा जवळजवळ सारा संसार ७० कंपनांच्या वरच चालतो. लहान परंतु उत्तम घडणीचा ध्वनिक्षेपक येथें फारसें कांहीं गमावीत नाहीं.

पाश्चात्य वाद्यवृंदाची गोष्ट निराळी. त्यांतील डबल बास हें वाद्य सुमारें ४१ कंपनांपर्यंत उतरतें. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७॥ कंपनांचा. आणि मोठ्या चर्चमधील ऑर्गनची ३२ फुटी नळी तर १६ पर्यंत जाते. बोलपटांतील गडगडाट, आणि हल्लीच्या पुष्कळशा गाण्यांत यंत्रानें घातलेला खर्ज, हाहि याच टापूंतला. ज्या घरांत हें संगीत मनापासून ऐकलें जातें, तेथें मोठ्या ध्वनिक्षेपकाचा हक्क खरा आहे. तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं एक साधें काम करावें. गेल्या महिन्याभरांत आपल्या घरांत प्रत्यक्ष काय ऐकलें गेलें, त्याची यादी करावी. पुढें कधीं तरी ऐकूं म्हणून ठेवलेल्या संगीताची नव्हे, ऐकलेल्या संगीताची.

जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयीं येथेंच एक गोष्ट सांगून टाकतों, कारण पुष्कळ घरांत आजोबांच्या वेळचा ठेवा असतो, किंवा त्याच्या नव्या प्रती असतात. १९२५ पूर्वीं ध्वनिमुद्रण विजेवर होत नसे. गवयानें कर्ण्यासमोर गावयाचें आणि त्या आवाजाच्या जोरानेंच सुईनें मेणावर रेघ ओढावयाची, अशी ती पद्धति. त्या कर्ण्यांत शंभराच्या खालचें फारसें कांहीं शिरतच नसे, आणि वरचा तारेचा भागहि अर्धामुर्धाच येई. अब्दुल करीम खांसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या मुद्रिका या कर्ण्याच्या काळांतल्या. अखेरच्या वर्षांतल्या विजेच्या. अशा कर्ण्याच्या मुद्रिका मोठ्या ध्वनिक्षेपकावर लावल्या, तर गाण्यांत तिळमात्र भर पडत नाहीं. तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर तेवढी अधिक स्पष्ट ऐकूं येते. लहान ध्वनिक्षेपक ती घरघर आपोआप गाळून टाकतो, आणि गळा तेवढा पुढें येतो.

आतां दुसरा प्रश्न, खोलीचा. आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा. ध्वनि हवेंतून दर सेकंदास सुमारें ११३० फूट जातो. भिंतीवर आपटून तो परत फिरतो, समोरच्या भिंतीवर पुन्हां आपटतो, आणि खोलीच्या मापाशीं जुळणारे कांहीं ठराविक स्वर या येरझारांत फुगत जातात. विहिरींत वांकून ओ दिली असतां एक विशिष्ट स्वर घुमतो, त्याचेंच हें घरगुती रूप. हिशेब सोपा आहे. ११३० या आंकड्याला खोलीच्या मापाच्या दुपटीनें भागावें. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच अशी खोली घेतली, तर हे आंकडे अनुक्रमें सुमारें ४७, ५६ आणि ६३ येतात. म्हणजे मोठा ध्वनिक्षेपक ज्या ५० ते ८० या टापूंत लहानावर मात करतो, नेमक्या त्याच टापूंत ही खोली आपल्या मर्जीनें कांहीं स्वर फुगविते आणि कांहीं गिळून टाकते. पैसे आपण खर्जाचे मोजलेले असतात. हातांत येतो तो घुमारा.

हाच हिशेब २० फूट लांब, १५ फूट रुंद व १० फूट उंच अशा दिवाणखान्याचा केला, तर पहिले आंकडे २८, ३८ व ५६ असे येतात. या मोठ्या खोलींत असे फुगणारे स्वर अधिक खालून सुरू होतात, वरच्या टापूंत ते दाट व एकमेकांच्या जवळ येतात, आणि त्यामुळें कोणताहि एकच स्वर अंगावर येत नाहीं. मोठा ध्वनिक्षेपक अशा खोलींत मोकळा श्वास घेतो.

आपल्याकडील घरांचा आणखी एक विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. ध्वनिक्षेपकांवरील पुष्कळसें लिखाण अमेरिकेंतून येतें. तेथें अनेक घरांच्या भिंती लांकडी सांगाड्यावर पातळ फळ्या ठोकून केलेल्या असतात. खर्जाच्या लाटेबरोबर त्या किंचित् लवतात आणि कांहीं खर्ज शोषून घेतात. मुंबई-पुण्याकडील खोल्या म्हणजे विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब आणि खालीं फरशी. अशी खोली खर्ज सोडीत नाहीं. तो आंतल्या आंत फिरत राहतो. पडदे, गाद्या, सतरंज्या यांनीं आवाज मऊ होतो हें खरें, परंतु त्या वरचे स्वर शोषतात. खोल खर्जावर त्यांची मात्रा चालत नाहीं. म्हणून तेथील माणसानें जो ध्वनिक्षेपक "मध्यम खोलीला योग्य" म्हणून नांवाजला, तो आपल्या मध्यम खोलीला जड होण्याचा पुष्कळ संभव असतो.

मांडणीचाहि विचार आकाराबरोबरच करावा लागतो. ध्वनिक्षेपक भिंतीच्या जवळ नेला कीं त्याचा खर्ज वाढतो, आणि कोपऱ्यांत नेला कीं आणखी वाढतो. लहान ध्वनिक्षेपकाला ही भिंतीची मदत मानवते. त्याच्या अंगीं जें थोडें कमी असतें, तें भिंत भरून देते. मोठ्याला मात्र मागें निदान दोन-तीन फूट मोकळी जागा हवी असते. दहा फुटी खोलींत तीन फूट मागें सोडले, पुढें पेटीची खोली धरली आणि समोर बसण्याची जागा धरली, तर येण्याजाण्यास वाट राहत नाहीं. शिवाय उंच पेटींत दोन-तीन पडदे एकमेकांपासून दूर बसविलेले असतात. पांच-सहा फुटांवर बसल्यास त्यांचे आवाज एकजीव होण्यापूर्वींच कानांवर येतात. गवयाचा गळा एकीकडून आणि त्याचा श्वास दुसरीकडून आल्यासारखा वाटतो.

आपल्या घरांत खुर्चीइतकीच भारतीय बैठकहि वापरांत असते, याचा विचार परदेशीं पेट्या बनविणाऱ्यांनीं केलेला नसतो. तार स्वर काढणारा लहान पडदा, म्हणजे ट्वीटर, ऐकणाऱ्याच्या कानाच्या पातळींत असावा असा नियम आहे. कारण ते स्वर सरळ रेषेंत जातात. जमिनीवर उभी राहणारी उंच पेटी घेतली, तर तिचा ट्वीटर खुर्चींत बसलेल्याच्या कानाशीं येतो. गादीवर मांडी घालून बसलेल्याचा कान मात्र त्याच्या बराच खालीं राहतो, आणि मग तंबोऱ्याची झार व सारंगीची धार डोक्यावरून निघून जाते. लहान ध्वनिक्षेपकाला ही अडचण नाहीं; बैठक असेल त्याप्रमाणें तिवई उंच किंवा बुटकी करून घेतां येते. आपल्या घरीं मंडळी कोठें बसून ऐकतात, हें कोणताहि दुकानदार विचारीत नाहीं. तें आपण स्वतःस विचारावें.

शेजाऱ्यांचाहि विचार सोडून चालत नाहीं. भिंत वरचे स्वर अडविते; खर्ज मात्र भिंतींतून व स्लॅबमधून पलीकडे जातो. म्हणून वरच्या मजल्यावरील गाण्याचे शब्द आपल्याला कळत नाहींत, पण ठेका तेवढा पोंचतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठीं दिवसां ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा असें धरलें आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास चालला असेल, तर मोठी पेटी हळूंच वाजवावी लागते. आणि हळूं वाजविलें कीं निसर्ग आपल्याविरुद्ध जातो. फ्लेचर व मन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें, कीं आवाज जसजसा लहान होत जातो, तसतसा आपल्या कानाला खर्ज इतर स्वरांहून अधिक वेगानें कमी ऐकूं येतो. म्हणजे ज्या घरांत रात्रींच ऐकावयाचें आणि हळूंच ऐकावयाचें, तेथें मोठ्या पेटीच्या खोल खर्जाचा बराचसा भाग कानापर्यंत पोंचतच नाहीं.

इतकें सांगून झाल्यावर मोठ्या ध्वनिक्षेपकावर अन्याय होऊं नये म्हणून त्याची बाजूहि स्पष्ट मांडतों. खोली मोठी असेल, ऐकणारे दहा-बारा फुटांवर बसत असतील, मागें मोकळी जागा सोडतां येत असेल, आणि घरांत सिंफनी, पियानो किंवा बोलपट यांची खरी आवड असेल, तर लहान जोडी घेऊन काटकसर करूं नये. मोठ्या खोलींत लहान पडद्याला सदैव धांवावें लागतें, आणि धांवणाऱ्या माणसाचा आवाज जसा फाटतो तसा त्याचाहि फाटतो. मोठा ध्वनिक्षेपक तेंच काम बसल्या जागीं करतो. पखवाजाची थाप किंवा सतारीच्या खर्जाची तार त्यांत सहजपणें उमटते. या सहजपणाला दुसरी जोड नाहीं.

आणि मधला मार्गहि आहे. लहान जोडी आधीं घ्यावी, वर्ष-सहा महिने ऐकावी, आणि खर्ज खरोखरीच उणा वाटला, तर केवळ खर्जासाठीं असलेली स्वतंत्र पेटी, म्हणजे सबवूफर, मागाहून जोडावी. खोल खर्जाची दिशा कानाला नीट कळत नाहीं. त्यामुळें ती पेटी खोलींत जेथें ठेवल्यानें घुमारा कमींत कमी होतो, तेथें ठेवतां येते, आणि रात्रीं बंद करतां येते. उलट मोठी जोडी आधीं घेतली, तर तिला लहान करण्याचा उपाय नसतो.

आतां परीक्षेविषयीं. दुकानांत दोन्ही जोड्या ॲम्प्लिफायरची खुंटी एकाच जागीं ठेवून ऐकवितात. वर सांगितल्याप्रमाणें मोठा ध्वनिक्षेपक तेवढ्याच विजेंत अधिक मोठ्यानें वाजतो. आणि अधिक मोठा आवाज मनुष्याला नेहमींच अधिक चांगला वाटतो. ही फसगत टाळण्यासाठीं लहानाची खुंटी थोडी पुढें करून दोघांचा आवाज सारखा करून घ्यावा, आणि मगच तुलना करावी. शक्य असेल तर दोन्ही जोड्या दोन दिवस घरीं आणवाव्या. कारण दुकानाची खोली आपल्या घरीं येणार नसते.

घरीं आणल्यावर प्रथम संगीत लावूं नये; एखाद्या पुरुषाचें साधें बोलणें लावावें, बातम्या किंवा भाषण. माणसाचा आवाज कसा असतो हें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असतें, त्यामुळें ही परीक्षा आजीपासून नातवापर्यंत कोणालाहि घेतां येते. बोलणारा जर पिंपांतून बोलल्यासारखा वाटला, तर खोलीला तो ध्वनिक्षेपक जड आहे. नाकांतून बोलल्यासारखा वाटला, तर हलका आहे, किंवा मुळांतच बरा नाहीं. मग नुसता तंबोरा लावावा, आणि चारी तारा वेगवेगळ्या मोजतां येतात कीं नाहीं तें पाहावें. त्यानंतर तबल्याची एकल मुद्रिका लावून खोलींत सावकाश फिरावें. एका जागीं डग्गा गडगडत असेल आणि दोन पावलें पुढें तो नाहींसा होत असेल, तर तो दोष खोलीचा. आणि मोठ्या ध्वनिक्षेपकानें तो वाढेल, कमी होणार नाहीं. पुष्कळ घरांत बसण्याची जागा मागच्या भिंतीला लागून असते. तेथें खर्ज सर्वांत अधिक फुगतो. कोच फूटभर पुढें ओढल्यानें जो फरक पडतो, तो कित्येकदां हजारों रुपयांच्या नव्या पेटीनेंहि पडत नाहीं.

या सर्वांतून माझा निष्कर्ष असा. दीडशे चौरस फुटांच्या आंतली खोली, विटांच्या भिंती, बैठकीवर किंवा जवळ बसून ऐकण्याची रीत, आणि मुख्यतः गळ्याचें संगीत, असें असेल तर लहान जोडी घ्यावी आणि वाचलेला पैसा तिच्या घडणीवर, मजबूत तिवयांवर व मुद्रिकांवर खर्च करावा. अडीचशे चौरस फुटांच्या वर खोली असेल, आणि मांडणीला मोकळीक असेल, तर मोठी जोडी घ्यावी. या दोहोंच्या मधली खोली असेल, तर आपण काय ऐकतों यावरून ठरवावें, आणि तरीहि मन द्विधा राहिलें तर लहान घ्यावी. कारण उणा खर्ज पुढें भरून काढतां येतो, फुगलेला खर्ज खोलींतून काढून टाकणें मात्र फार कठीण.

दुकानांत जातांना पाकिटाबरोबर एक मोजपट्टी आणि खोलीचा लहानसा नकाशा न्यावा, आणि घरांतील मंडळी कोठें बसतात तें त्यावर खुणेनें दाखवावें. एवढा एक कागद जवळ असला, म्हणजे दोन आकारांपैकीं कोणता आपला, याचें अर्धें उत्तर दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच मिळालेलें असतें.